दादाच्या कॅलिपरचा जोड

आमच्या माहेरी दसऱ्याला पाटावर तीन वस्तू मांडल्या जायच्या. वडिलांचं मिठागरातलं फावडं, आईचा कोयता आणि दादाचा कॅलिपर. लोक सोनं द्यायला यायचे आणि पाटाकडे वळून वळून बघायचे. एका शेजारणीने एकदा आईला हळूच विचारलं होतं, पायात घालायची वस्तू देवापुढे ठेवता? आई काही बोलायच्या आत वडील म्हणाले, "फावऱ्यावर आमचा पोट हाय आनि याच्यावर आमचा पोर उभा हाय. मंग याला काय मोरीत ठेवू?" शेजारणीने आपट्याची पानं हातात दिली आणि चहा न घेताच गेली.

दादा माझ्याहून मोठा. लहानपणी पोलिओने त्याचा डावा पाय गेला. गेला म्हणजे आहे, पण काडीसारखा, त्याच्यात जोर नाही. त्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत दोन्ही बाजूंनी धातूच्या पट्ट्या, मधे चामड्याचे पट्टे आणि गुडघ्यापाशी एक सरकती कडी. उभं राहिलं की कडी खट् करून खाली पडते आणि गुडघा ताठ होतो. बसायचं असेल तर वाकून ती वर ओढायची. हा कॅलिपर. दादा कुठून आला, कुठे गेला, हे आम्हाला घरात त्या खट् आवाजावरून कळायचं. लपाछपीत त्याच्यावर राज्य कधी आलंच नाही, कारण तो कुणाला सापडायच्या आधीच ऐकू यायचा आणि मग सगळे त्याला कच्चा लिंबू करून टाकायचे. त्याला ते मुळीच आवडायचं नाही.

पूजा झाली की आई खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसायची. आधी दादाच्या पायाला चोळायची, मग त्याच हातांनी कॅलिपरला. बिजागरीत, खिळ्यांच्या भोकांत, पट्टीच्या कानाकोपऱ्यात बोटाने तेल जिरवायची. तिच्या लेखी पाय आणि कॅलिपर वेगळे नव्हतेच. पुढे लोखंडाचा कॅलिपर जाऊन अ‍ॅल्युमिनियमचा आला, हलका, पण तेल तेच राहिलं. आई गेल्यावर दादा स्वतः लावायला लागला, दसऱ्याला आणि एरवी बिजागरीने कधी कुरकुर केली तरी. याला गंज चढत नाही, तेल कशाला घालतोस, असं मी म्हटलं की म्हणायचा, "तुझ्या केसांना तरी कुठे गंज चढतो?"

या तेलाने पुढे माझा घात केला. त्यात तेलाचा काय दोष म्हणा.

माझ्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यात आधी तिने मामाला फोन केला. मला तिने नंतर सांगितलं. लग्नात मुलीला खोलीतून बोहल्यापर्यंत मामाने आणायचं असतं, आणि माझ्या लेकीला मामा एकच. दादाने लग्न केलं नाही. पनवेलच्या बाजारात त्याचं वह्या-पेनांचं छोटं दुकान आहे, त्यामागच्या खोलीत तो राहतो. कामोठ्यात आमच्याकडे दर रविवारी रिक्षाने यायचा आणि माझ्या मुलीला लिहायला नवं पेन आणायचा. ती नोकरीला लागून कीबोर्ड बडवायला लागली तरी पेन चालूच होतं.

एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. तिला सख्खा मामा नाही, म्हणून दादाच मामा. तो नवा झब्बा घालून, फेटा बांधून तयार होता. ऐनवेळी बहिणीच्या नवऱ्याने येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही आरामात बसा, उगाच धावपळ नको." दुसऱ्याच कुणाला तरी मामा करून पुढे केलं. दादा पहिल्या रांगेत फेटा बांधून बसून राहिला, अक्षता टाकल्या, जेवला, जिलबी दुसऱ्यांदा मागून घेतली. परतताना रिक्षात मी त्या बहिणीच्या नवऱ्याला मनसोक्त शिव्या दिल्या. दादा एवढंच म्हणाला, "त्यांना घाई होती गं." त्याने चिडावं असं मला फार वाटत होतं. तो चिडला नाही आणि मला रडू आलं.

म्हणून माझ्या घरच्या लग्नात तो चालत येणार, हे माझं आणि लेकीचं न बोलता ठरलेलं होतं. त्याचंही. तो महिनाभर आधीपासून दुकान बंद केल्यावर बाजारातून तळ्यापर्यंत चालायची सवय करत होता, हे मला त्याच्या शेजाऱ्याकडून कळलं.

लग्न तोंडावर आलं आणि दादा आमच्याकडे राहायला आला. एका नातलगांकडे केळवण होतं. जेवून उठताना दादाने टेबलाला धरून पाय सरळ केला, कडी पडली, पण तो नेहमीचा खट् आवाज नव्हता. त्याच्यात एक बारीक कट् मिसळला होता. मला तो पानावर बसल्याबसल्या ऐकू आला. घरी येऊन चष्मा लावून बघितलं तर बाहेरच्या पट्टीला गुडघ्याच्या खाली, खिळ्याच्या भोकापासून कडेपर्यंत तडा. केसाएवढा. पट्टी जराशी वाकवली की तोंड उघडायचा आणि सोडली की मिटायचा.

ज्याने कॅलिपर बनवला त्या मुंबईतल्या कारागिराला फोन केला. तो भला माणूस आहे, दादाची मापं त्याला तोंडपाठ. म्हणाला, नवा करायचा तर पायाचा साचा घ्यावा लागेल, लग्नाआधी काही होत नाही. तोवर त्यांना बसवून ठेवा. मग मी नवऱ्याला घेऊन तळोज्याला अ‍ॅल्युमिनियम जोडून देणाऱ्या एका आर्गन वेल्डिंगवाल्याकडे गेले. त्याने पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "हे कशाचं आहे?" मी सांगितलं. त्याने ती लगेच माझ्या हातात परत दिली. "माणसाच्या अंगावरची वस्तू मी करत नाही, ताई. गाडीचं असतं तर केलं असतं." मी त्याला विनवलं, मग बोलले, मग पुन्हा विनवलं. तो चहा मागवायला निघाला. मी चहा न पिता निघाले, आणि रस्ताभर नवऱ्यावर चिडत राहिले, कारण समोर तोच होता.

बाहेरून लोखंडी पट्टी ठोकावी तर ती कडी नेमकी तिथूनच सरकते, जागाच नाही. नवरा भीत भीत म्हणाला, "आपण व्हीलचेअर आणू या का? फुलंबिलं लावून छान सजवू." दादा तेव्हा गॅलरीत वाळत घातलेले कपडे बघत होता. त्याने मान वळवली नाही. मी नवऱ्याकडे असं बघितलं की तो उठून दूध आणायला गेला. दूध सकाळीच आणलेलं होतं.

आता माझ्याबद्दल. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं मी पनवेलच्या एका कारखान्यात कॉइल्स सोल्डर करत होते, म्हणजे कथील वितळवून तारा जोडत होते. त्या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मी सांगत नाही, सुपरवायझर सांगायचा. त्यामुळे आता मोबाइलवर एक माणूस अ‍ॅल्युमिनियमचा फुटलेला पाइप घरच्या घरी, एका कांडीने आणि हातातल्या गॅसच्या टॉर्चने जोडतोय, हे दिसल्यावर मला वाटलं, यात काय आहे? जोड तो जोड. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असं नवरा माझ्याबद्दल म्हणतो, आणि ते त्याने त्या दिवशीही म्हटलं. त्या वितळणाऱ्या, ब्रेझिंगच्या कांड्या हार्डवेअरच्या दुकानात मिळाल्या. टॉर्च घरात होताच. नवऱ्याने भरताची वांगी भाजायला आणला होता.

कांडीचा मंत्र साधा होता. धातू ब्रशने चकाकेपर्यंत घासायचा. आग कांडीला लावायची नाही, पट्टीला लावायची. पट्टी पुरेशी तापली की कांडी तिच्यावर नुसती घासली तरी लोण्यासारखी वितळते आणि फटीत शिरते. अडचण एकच. लोखंड तापलं की लाल होतं, सांगतं तरी. अ‍ॅल्युमिनियम काहीच सांगत नाही. थंड असताना दिसतं तसंच तापल्यावर दिसतं, आणि मग एकाएकी वितळून खाली बसतं.

गॅलरीत उलटा तवा, त्यावर विटेचा तुकडा, त्यावर पट्टी. चामडं सोडवून ठेवलं, बुटाच्या बाजूला ओलं फडकं गुंडाळलं. दादा शेजारी स्टुलावर. पायात काही नसलं की त्याचा पाय लेंग्यात कुठे आहे ते कळत नाही. पण तोंड चालू होतं. "कारखानदार बाई, मालाची गॅरंटी किती?"

मी टॉर्च पेटवला. पट्टी तापायला लागली आणि त्या तड्यातून, खिळ्याच्या भोकातून, काहीतरी पाझरायला लागलं. पिवळट, मग तपकिरी, मग काळं. धूर निघाला. आणि वास आला. जळक्या खोबरेलाचा, त्यात कुठेतरी हळदीचा. मग दादा म्हणाला, "आई आली."

माझे हात थांबले. पण टॉर्च चालू होता, गॅस जात होता. मी कांडी टेकवली. ती वितळली, पण पट्टीला धरेना. अळवावरच्या पाण्यासारखा तिचा गोळा झाला आणि घरंगळून तव्यावर पडला. पुन्हा टेकवली, पुन्हा घरंगळली. तेलावर जोड बसत नाही एवढं सोल्डरिंगमधलं मला माहीत होतं. तेव्हा मी तेल काढायच्या मागे लागले. पट्टी थंड केली, भांड्यांच्या साबणाने घासली, लेकीच्या मेकअपच्या डब्यातलं नेलपॉलिश काढायचं पाणी तड्यात सोडलं, वाळवली, पुन्हा तापवली. पुन्हा पाझर, पुन्हा धूर. किती वर्षांचं तेल होतं ते कोण जाणे. आधीच्या कॅलिपरचं यात कसं येईल, हे मला कळत होतं, पण तेव्हा असं वाटत होतं की आईने लहानपणापासून चोळलेलं सगळंच्या सगळं तेल त्या एका फटीतून बाहेर येतंय. मी तापवत राहिले, पुसत राहिले. कांडी धरेना की आग वाढवायची, तेवढंच मला सुचत होतं. नवरा दारात येऊन म्हणाला, पुरे आता. मी म्हटलं, तू वांगी भाज.

संध्याकाळ झाली आणि धूर यायचा थांबला. या वेळी कांडी टेकवली तशी ती गोळा न होता पसरली, तड्यात शिरली आणि चांदीच्या तारेसारखी रेघ होऊन बसली. मी आग बाजूला केली. थंड झाल्यावर कानशीने घासून गुळगुळीत केलं. नखाने चाचपलं तरी जोड लागत नव्हता. मी दादाच्या मांडीवर पट्टी ठेवली आणि म्हटलं, "घे. गॅरंटी आजन्म."

दुसऱ्या दिवशी त्याने कॅलिपर चढवला. हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये. खट्, काठीचा ठक्, पावलाचा धप्. लेक टाळ्या वाजवत होती. दादा म्हणाला, पूर्वीपेक्षा मऊ चालतो गं हा, गुडघ्याला लागत नाही. आम्हाला ते कौतुक वाटलं. मी जोडाचा फोटो काढला आणि मुंबईच्या त्या कारागिराला पाठवून दिला. खाली लिहिलं, बघा, बाईने घरी केलंय. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती.

लग्नाचा हॉल पनवेलचाच. आमच्याकडे मुलीच्या आईने लग्न लागताना बघू नये, मागे तुळशीपाशी बसून तिला पाणी घालत राहावं, अशी रीत आहे. हॉलवाल्यांना ती ठाऊक असते. त्यांनी मागच्या बाजूला, हात धुवायच्या बेसिनपाशी, केटररच्या गॅस सिलिंडरांच्या शेजारी एक तुळशीची कुंडी ठेवलेली होती. माझ्याबरोबर माझी मावशी बसली होती, आईची धाकटी बहीण, गावाकडची, वयाने वाकलेली पण रीतीला ताठ. तांब्या हातात घेतला आणि पर्समधला फोन वाजला. कारागिराने बोलून निरोप पाठवला होता. मी कानाला लावला.

"ताई, फोटो बघितला. जोड चांगला दिसतोय. पण तुम्ही आग लावली कशाला? या पट्टीला कारखान्यातून टेंपर दिलेला असतो, म्हणून ती कडक असते. आग लागली की तो उतरतो. जोड राहील, पण बाजूची पट्टी मऊ पडली असणार. ती तुटणार नाही, वाकत जाईल. दादांना वजन टाकू देऊ नका. आहेत तिथे बसवून ठेवा."

मी तो निरोप पुन्हा ऐकला. पूर्वीपेक्षा मऊ चालतो गं हा. तेव्हा आतून गुरुजींचा माइकवर आवाज आला, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे.

मी उठले. नवरीच्या खोलीतून हॉलमध्ये जायचा बोळ आमच्या भिंतीला लागूनच होता, मधे एक दार, अर्धवट उघडं. मावशीने माझा पदर धरला. "बस गो. आयशीनं बगाचा नसतं. तुलशीला पानी घाल."

"मावशी, दादाला थांबवायचं आहे."

"आता? आता कना थांबवतं? तो निंगला बग."

मी दारापर्यंत गेले. दाराच्या फटीतून दोघं दिसत होती. दादाने लेकीचा उजवा हात आपल्या डाव्या हातात घट्ट धरला होता, उजव्या हातात काठी. फेटा जरा तिरका झाला होता आणि लेक थांबून तो सरळ करत होती. दादा हसत होता. मी त्याला इतकी वर्षं ओळखते, पण तसं हसू मी बघितलं नव्हतं. माझ्या तोंडात त्याचं नाव आलं होतं. हाक मारली असती तर तो थांबला असता. मी काय सांगितलं असतं? दादा, तू आरामात बस?

मी तोंड मिटलं. ती दोघं निघाली. बोळात ग्रॅनाइट आहे, म्हणून ऐकू येत होतं. काठीचा ठक्, पावलाचा धप्, ठक्, धप्. मी तुळशीपाशी येऊन बसले आणि धार धरली. मग ती दोघं गालिच्यावर पोचली असणार, कारण आवाज बंद झाला.

त्यानंतर मला त्यांचं काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. सनई चालू होती. गुरुजी माइकवर खाकरले. कुणीतरी 'सावकाश, सावकाश' म्हणालं, ते दादाला म्हणालं की फोटोग्राफरला, कोण जाणे. बोहल्याला पायऱ्या आहेत हे मला आठवलं. माझ्या हातातला तांब्या रिकामा झाला होता, मावशीने तो भरून परत दिला. मंगलाष्टकं काही सुरू होईनात. मी एवढी असहाय आयुष्यात कधी झाले नव्हते. आई गेली तेव्हासुद्धा मी तिचा हात धरून होते. इथे पंधरा-वीस पावलांवर माझं सगळं चाललं होतं आणि मी सिलिंडरांच्या शेजारी बसून कुंडीत चिखल करत होते.

मग गुरुजींनी सूर लावला. कुणी पडलं असतं तर त्यांनी लावला नसता, एवढंच मी धरून बसले.

शेवटच्या 'सावधान'ला वाजंत्री वाजली आणि मावशीने मला सोडलं. मी धावत आत गेले. लेक बोहल्यावर उभी होती, हार घातलेली, चेहरा घामाने निथळलेला. मी तिच्याजवळ गेले तेव्हा तिने उजव्या हातावर शालूचा पदर ओढून घेतला. मी तो बाजूला केला. हिरव्या चुड्यातल्या कितीतरी बांगड्या फुटल्या होत्या, मनगटावर ओरखडे होते आणि वर चार बोटांचे वळ. "काही नाही गं," ती म्हणाली. "मामा जरा टेकला होता माझ्यावर. पोचलो ना आम्ही." मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, पायऱ्यांवर मी त्याला उचलला. कुणाला कळलं नाही. त्याला कळलं."

दादा बोहल्याच्या कडेला खुर्चीवर होता. डावा पाय पुढे पसरलेला, आणि पँटच्या आतून तो पाय गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत होता, कोयत्यासारखा. मी त्याच्यापाशी खाली बसले आणि पँट वर सारली. जोड जागच्या जागी होता. रेघसुद्धा हलली नव्हती. त्याच्या वर आणि खाली पट्टी वाकली होती.

"बघ, तुझा जोड पक्का आहे," तो म्हणाला. "पायच गेला माझा, बाय. आता याच्यात काही राहिलं नाही. सगळा भार पट्टीवर टाकत होता."

"पाय नाही दादा, पट्टी. मी आग लावली म्हणून ती मऊ पडली. पाय आहे तसाच आहे."

त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. ज्या तऱ्हेने ठेवला त्यावरून मला कळलं की तो माझी समजूत काढतोय. मी फोन काढला, त्या कारागिराचा निरोप त्याच्या कानाला लावला, वाजंत्रीत ऐकू येईना म्हणून त्याला खुर्चीसकट हॉलबाहेर नेऊन पुन्हा लावला. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाला, "चांगला माणूस आहे तो." आणि जेवायला चल म्हणाला.

नंतर कारागिराने नवा कॅलिपर करून दिला. दादाला समोर बसवून त्याने स्वतः सगळं समजावलं, जुनी वाकलेली पट्टी हाताने आणखी वाकवून दाखवली. दादाने मान डोलावली. तिथे दोन फेऱ्या मारल्या, चांगल्या मारल्या. रिक्षात बसल्यावर मला म्हणाला, "पट्टी मऊ झाली असेल, मी नाही म्हणत नाही. पण पूर्वी पाय एवढा भार टाकत नव्हता तिच्यावर. ते मला आतून कळतं." त्याच्या आतलं मला कसं खोडता येणार? मी भांडले, रडले, लेकीला बोलायला लावलं. ती म्हणाली, मामा, तू हलकाच होतास. त्यावर तो हसला आणि त्याने तिच्या मनगटाकडे बघितलं.

या दसऱ्याला मी त्याच्या खोलीवर गेले. तो आता व्हीलचेअरवर असतो, दुकानात सोयीचं पडतं म्हणतो. पाटावर वडिलांचं फावडं होतं, आईचा कोयता होता आणि नवा कॅलिपर, झेंडूचा हार घालून, तेलाने चकाकत असलेला. मला म्हणाला, हळद-कुंकू तू लाव, मला खाली वाकता येत नाही. मी पाटापुढे बसले. आधी फावड्याला लावलं, मग कोयत्याला. मग कॅलिपर जरा तिरका होता म्हणून सरळ करायला उचलला. त्याच्या बुटाचा तळ कारागिराकडून आणला तसाच कोरा होता.